मावळतीचा मुलूख आणि दिशांचे जुने शब्द

आज आपण दिशांच्या शब्दांबद्दल बोलणार आहोत. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर हे शब्द आपण शाळेत पाठ केले. पण त्याच्या आधीपासून आपल्या घरात, शेतात, पाणवठ्यावर दुसरेच शब्द होते. उगवतीचं रान, मावळतीचा बांध, वरल्या अंगाची विहीर, खालची आळी. आजही म्हाताऱ्या बायांना पत्ता विचारा, त्या पूर्व-पश्चिम म्हणणार नाहीत. "मावळतीला तोंड करून जा, ओढा लागला की वरल्या अंगाला वळ," असं सांगतील आणि माणूस बरोबर पोचेल.

या शब्दांच्या पोटात आपला इतिहास आहे. आणि बायकांच्या दृष्टीनं त्यात पोटापाण्याची गोष्टही आहे. ती शेवटी येईल. आधी आपल्या पुण्याजवळच्याच एका शब्दापासून सुरुवात करू.

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनं निघालं की तळेगावच्या पुढं वडगाव लागतं. लोक त्याला वडगाव मावळ म्हणतात. मावळ तालुक्याची कचेरी तिथं आहे. शिवाजी महाराजांचे मावळे आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. हातात ढाल-तलवार, डोक्याला मुंडासं, असं चित्र 'मावळा' म्हटलं की डोळ्यांपुढं येतं. पण मूळ शब्दात ना ढाल आहे ना तलवार. मावळ म्हणजे मावळतीचा मुलूख. सूर्य जिकडं मावळतो तिकडचा डोंगराळ पट्टा. इंग्रजांच्या राज्यात १८८५ साली पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं गेलं, त्यातही मावळाचा अर्थ हाच दिला आहे. मावळा म्हणजे त्या मावळतीच्या मुलखात राहणारा माणूस. तो शूर निघाला म्हणून पुढं शब्दाला शौर्याचा अर्थ चिकटला.

बारा मावळ असा शब्द आपण ऐकतो. सह्याद्रीच्या माथ्यापासून उगवतीकडं उतरणाऱ्या नद्यांची ही खोरी. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ, कानद खोरं, मोसे खोरं, मुठे खोरं, रोहिड खोरं. नावं नीट ऐका. पवन मावळ पवना नदीचं, आंदर मावळ आंद्रा नदीचं, मुठे खोरं मुठा नदीचं, कानद खोरं कानंदी नदीचं. मुलखाची नावं दिशेवरून आणि पाण्यावरून पडली आहेत. लोक ज्याच्या आधारानं जगत होते, त्याचं नाव त्यांनी गावाला दिलं.

'मावळणे' हे क्रियापदही जुनं आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी गुरूला सूर्याची उपमा देताना हेच क्रियापद आलेलं आहे. म्हणजे सातशे वर्षांहून जास्त काळ हा शब्द आपल्या तोंडात आहे. 'अस्त झाला' हे पोथीतलं बोलणं. घरातलं बोलणं 'दिवस मावळला'. त्यात संपल्याचा धसका नाही. उद्या पुन्हा उगवणार हे त्यात धरलेलंच आहे. दिवस मावळला की तिन्हीसांजा, मग दिवेलागण. पहाटे झुंजूमुंजू, मग तांबडं फुटणं, मग दिवस कासराभर वर येणं. घड्याळ नव्हतं तेव्हा दिशा आणि वेळ एकाच सूर्यावर मोजली जायची. म्हणून उगवत हा शब्द दिशेचाही आणि वेळेचाही.

तोंड कुठं, पाठ कुठं

आता शाळेतल्या शब्दांकडं येऊ. 'दिशा' हा संस्कृत शब्द 'दिश्' या धातूपासून आला. दिश् म्हणजे दाखवणं, बोट करणं. आदेश, उपदेश, निर्देश हे सगळे त्याच घरातले. 'देश' हाही त्याच कुळातला. देश म्हणजे बोट करून दाखवलेली जागा. आपण सह्याद्रीच्या अलीकडच्या पठाराला देश म्हणतो आणि पलीकडच्या पट्टीला कोकण म्हणतो. सिनेमाचा दिग्दर्शक हाही मुळात दिशा दाखवणारा.

चार दिशांच्या नावांत तर एक माणूस उभा आहे. सकाळी उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभ्या राहा. समोर आहे ती पूर्व. पूर्व म्हणजे पुढची, पहिली. पाठीमागं आहे ती पश्चिम. पश्चिम म्हणजे मागची, नंतरची. 'पश्चात' हा शब्द आपण वापरतो तो तिचाच भाऊ. उजव्या हाताला दक्षिण. दक्षिण या संस्कृत शब्दाचा एक अर्थ उजवा असाच आहे. आणि डाव्या हाताला उत्तर. उत्तर म्हणजे वरची, उंच. हा एक शब्द तेवढा अंगावरून न येता जमिनीच्या चढावरून आला. उत्तर हिंदुस्थानात ही नावं पडली तेव्हा त्या बाजूला हिमालय होता.

देवाला प्रदक्षिणा घालताना आपण देव उजव्या हाताला ठेवतो. 'प्रदक्षिणा' या शब्दात 'दक्षिण' आहे तो याच उजव्या अर्थानं. सूर्यही आपल्याकडं पूर्वेकडून दक्षिणेच्या अंगानं पश्चिमेला जाताना दिसतो. वडाला दोरा गुंडाळताना, तुळशीभोवती फिरताना आपल्या पायांना ही दिशा न सांगता कळते.

कोपऱ्यांच्या दिशांना देवांची नावं आहेत. आग्नेय अग्नीची, वायव्य वायूची, ईशान्य ईशानाची म्हणजे शंकराची, नैऋत्य निर्ऋतीची. दक्षिणेचा मालक यम मानला. म्हणून एरवी दिव्याची वात दक्षिणेकडं करत नाहीत. वर्षातून एकदाच, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडं करतात. त्याला यमदीपदान म्हणतात. दिशा नुसती नकाशावर नसते, ती स्वयंपाकघरातही येऊन बसते, ती अशी.

स्कॉटलंडातला एक शब्द

आता थोडं लांब जाऊ. इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड आहे. पुण्याचा आणि स्कॉटलंडचा संबंध जुना आहे. पेशवाईच्या शेवटी पुण्याला रेसिडेंट असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिकडचा. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा ग्रँट डफही तिकडचाच, आणि त्याच्या इतिहासात मावळांचं वर्णन आहे.

या लोकांच्या स्कॉट्स बोलीत दिशेला एक जुना शब्द आहे: 'एअर्ट'. चार दिशा म्हणजे चार एअर्ट. वारा कुठल्या एअर्टकडून वाहतो असं विचारतात. एखाद्याला वाट दाखवणं, योग्य बाजूला वळवणं यालाही क्रियापद म्हणून तोच शब्द. आपल्या 'दिश्' सारखंच, दाखवणं आणि दिशा एकाच शब्दात. हा शब्द स्कॉट्स बोलीत आला तो तिथल्या डोंगराळ भागातल्या गेलिक भाषेतून. गेलिकमध्ये 'आर्द' म्हणजे दिशा, होकायंत्रावरचा बिंदू.

आणि याच गेलिक भाषेत एक नवल आहे. तिच्यात दक्षिणेला शब्द आहे 'देस', आणि उजव्या हातालाही तोच शब्द. पश्चिमेचा शब्द 'मागे, नंतर' या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे. पूर्वेचा शब्द 'पुढे' या अर्थाशी. म्हणजे तिथलाही जुना माणूस सकाळी सूर्याकडं तोंड करून उभा राहिला आणि त्यानं दिशांना नावं दिली. 'देस' आणि आपला 'दक्षिण' हे तर एकाच मुळाचे शब्द आहेत असं भाषा अभ्यासणारे सांगतात. त्यांच्याकडं पवित्र झऱ्याभोवती, घराभोवती उजव्या अंगानं, सूर्याच्या वाटेनं फेरी घालायची रीत होती आणि ती शुभ मानत. तिला ते 'देशल' म्हणत. आपण प्रदक्षिणा म्हणतो. मधे किती समुद्र आणि किती डोंगर, पण पाय त्याच बाजूनं वळले.

अरबी भाषेतही हेच दिसतं. 'यमन' या देशाचं नाव उजव्या हाताच्या शब्दाशी जोडलेलं आहे, कारण उगवतीला तोंड केलं की तो उजवीकडं, दक्षिणेला येतो. आपल्या मुसलमान मैत्रिणी सूर्य मावळल्यावर मगरिबची नमाज पढतात. मगरिब म्हणजे मावळत. आफ्रिकेच्या उत्तरेला मोरोक्को नावाचा देश आहे, त्याला अरबीत 'अल-मगरिब' म्हणतात. मावळतीचा मुलूख! म्हणजे जगात आपलं एकच मावळ नाही, तिकडंही एक मावळ आहे.

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स यानं १७८८ साली हा एअर्ट शब्द घेऊन एक गाणं लिहिलं. नुकतंच लग्न झालेलं होतं, तो नव्या शेतीवर एकटा राहत होता आणि बायको जीन पश्चिमेकडं दूर होती. त्याला पश्चिमेचा वारा आवडायचा, कारण ती त्या बाजूला होती. गाण्याचा अर्थ एवढाच. पण आपल्याला तो लगेच कळतो. सासरी आलेल्या प्रत्येक बाईच्या मनात एक पाचवी दिशा असते. ती माहेरची. त्या बाजूनं आलेला वारा, त्या बाजूनं येणारी एस.टी., त्या बाजूचा डोंगर ओळखीचा असतो. जात्यावरच्या ओव्यांत ही दिशा भरून राहिली आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हां यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कामाची सुरुवात मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायांपासून झाली. माहेरची वाट, भावाची वाट, पंढरीची वाट, या सगळ्या वाटा त्या ओव्यांत आहेत. बाईच्या मनातला नकाशा कुणी कागदावर काढला नव्हता, तो तिनं जात्यावर गाऊन ठेवला.

नाव कुणी ठेवलं

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. मावळ मावळतीला आहे, पण कुणाच्या मावळतीला? पुण्याच्या, जुन्नरच्या, देशावरच्या माणसाच्या. कोकणात पेणला किंवा रोह्याला राहणाऱ्या बाईला मावळ उगवतीला आहे. तिचा सूर्य मावळावरूनच वर येतो. दिशेच्या नावावरून, नाव ठेवणाऱ्याचं घर कुठं होतं ते कळतं. दख्खन हे नाव 'दक्षिण' पासून आलं, म्हणजे ते उत्तरेकडून बघणाऱ्यानं ठेवलं. अरबस्तान, इराककडच्या भागाला आपण वर्तमानपत्रात 'मध्यपूर्व' वाचतो. आपल्या घरातून बघितलं तर तो भाग पश्चिमेला आहे. ते नाव युरोपातल्या माणसाच्या अंगणातून पडलं आणि आपण तसंच वापरतो. शनिवारवाड्याच्या मोठ्या दरवाजाला दिल्ली दरवाजा म्हणतात. त्याचं तोंड उत्तरेला, दिल्लीच्या बाजूला आहे. १७३२ साली वाडा बांधून झाला तेव्हा पेशव्यांची नजर कुठं होती, ते त्या दरवाजाच्या नावातच आहे.

गावातही असंच आहे. वरची आळी, खालची आळी. 'वर' म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, 'खाली' म्हणजे पाणी वाहून जातं त्या अंगाला. दलितांची वस्ती कितीतरी गावांत वाऱ्याच्या आणि पाण्याच्या खालच्या अंगाला बसवली गेली. वरचं पाणी कुणी भरायचं आणि खालचं कुणी, हे दिशेनं ठरवलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायचा निर्णय घेतला. पाटीवरचं नाव बदलतं. वर आणि खाली हे शब्द मनातून जायला जास्त वेळ लागतो.

आणखी एक शब्द आहे, तो आपण सगळ्या जाणतो. 'दिशेला जाणं' किंवा 'बहिर्दिशा'. शौचाला बाहेर जाण्याला हे सभ्य नाव. लाजेपोटी दिशेचा शब्द त्यावर पांघरला. पुरुष दिवसा कधीही दिशेला जाऊ शकत होता. बाईला उगवतीच्या आधी नाहीतर मावळतीनंतरच जाता यायचं. दिवसभर कळ सोसायची, पाणी कमी प्यायचं, अंधारात विंचू-काट्याची आणि माणसाची भीती बाळगायची. म्हणून घरात संडास येणं ही बाईसाठी नुसती सोयीची गोष्ट नव्हती. तिला दिवसाचा उजेड परत मिळाला.

पाण्याची दिशा

मावळाच्या नद्यांची गंमत बघा. त्या मावळतीच्या डोंगरात जन्मतात आणि उगवतीला जातात. सह्याद्रीच्या माथ्यावरून अरबी समुद्र जवळ आहे, पण या नद्या त्याच्याकडं पाठ करतात. इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एक होतात आणि पुढं भीमेला जातात. भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते, मग कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागरात. म्हणजे वारीला पायी जाणारी बाई आणि मावळाचं पाणी एकाच बाजूला चाललेलं असतं. मावळात पडलेला पाऊस पंढरीत विठोबाच्या पायाशी जातो.

ही दिशा विसाव्या शतकात माणसानं बदलली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटा कंपनीनं मावळच्या डोंगरात धरणं बांधली आणि उगवतीला जाणारं पाणी अडवून, डोंगरातून नळानं कोकणाच्या बाजूला, मावळतीला खाली सोडलं. त्या उतारावर वीज तयार होते. खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये, भिऱ्याचं १९२७ मध्ये. भिऱ्याला जाणारं पाणी मुळशीच्या धरणाचं. त्या धरणाखाली सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जाणार होत्या. भाताची खाचरं, देवळं, घरं, सगळं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यात. मावळ्यांबरोबर त्यांच्या बायकाही धरणाच्या कामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. १९२४ पर्यंत लढा थंडावला आणि धरण झालं.

त्या लढ्यातली एक गोष्ट आपण नेहमी लक्षात ठेवावी. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. सावकार मोबदला घ्यायला तयार झाले. जमीन कसणारा मावळा आणि चिखलात भात लावणारी त्याची बायको, त्यांचं नाव कागदावर नव्हतं. पाणी कुठं वळवायचं ते मुंबईत ठरलं, पैसे कुणाला द्यायचे ते कागदानं ठरवलं.

चतुःसीमा

आता सुरुवातीला म्हटलं ती पोटापाण्याची गोष्ट. दिशांचे शब्द आज कुठं सगळ्यात जास्त महत्त्वाचे आहेत? जमिनीच्या कागदात. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, कुठलाही दस्त घ्या. त्यात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा गट. कितीतरी दस्तांत हाच क्रम असतो: पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. नीट बघितलं तर ही शेताची प्रदक्षिणाच आहे.

ही रीत फार जुनी आहे. राजे गाव दान द्यायचे तेव्हा ताम्रपटावर चारी दिशांच्या सीमा कोरून घ्यायचे. आपल्या पुण्याचं नाव 'पूनक' म्हणून येतं ते आठव्या शतकातल्या, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळच्या ताम्रपटात. मराठेशाहीत शिवेचा तंटा झाला की गोतसभा बसायची, महजर लिहिला जायचा. गावची शीव कुठून कुठं जाते हे पाठ असणं हे महार वतनदारांचं काम होतं आणि शिवेच्या वादात त्यांच्या साक्षीला वजन असायचं. बायकांना मात्र त्या सभेत सहसा जागा नसायची आणि महजरावर सहसा नाव नसायचं.

आज कायदा बदललेला आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. हा कायदा बौद्ध, जैन, शीख मैत्रिणींनाही लागू आहे. मुसलमान आणि ख्रिस्ती मैत्रिणींसाठी त्यांचे वेगळे कायदे आहेत, त्यातही मुलीचा वाटा आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जात नाही.

पण हक्क कायद्यात असून भागत नाही. बहिणीकडं कागद येतो, "ताई, इथं सही कर" किंवा "अंगठा दे" म्हणतात. तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. भावाला जमीन द्यायची की नाही हा जिचा तिचा प्रश्न. माहेरची वाट मोकळी राहावी म्हणून कितीजणी सोडून देतात, त्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. पण काय सोडतोय ते कळून सोडावं. त्यासाठी चार दिशा वाचता यायला हव्यात. कागदात लिहिलेली पूर्वेची जमीन कोणती, पश्चिमेचा रस्ता कोणता, विहीर कुठल्या अंगाला, हे शेतात उभं राहून ताडून बघता यायला हवं. विहीर असलेला वरचा तुकडा आणि खडकाळ खालचा तुकडा यात फरक आहे. तो फरक कागदावर फक्त एका दिशेच्या शब्दाचा असतो.

मग दिशा कशी ओळखायची? सूर्याकडं तोंड करून, हे तर झालंच. पण सूर्य बरोबर पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या २१-२३ तारखेच्या सुमारास. पुण्याकडं उन्हाळ्याच्या शेवटी तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला सरकलेला असतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. म्हणून एक सोपी युक्ती करा. सपाट जागी हातभर काठी उभी रोवा. तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. अर्धा तास थांबा. सावली सरकली की नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवा. पहिल्या खड्यापासून दुसऱ्या खड्याकडं रेघ ओढा. ती रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडं जाते. दुपारच्या आसपास केलं तर जास्त बरोबर येतं. पहिला खडा मावळतीचा, दुसरा उगवतीचा. पूर्वेकडं तोंड करा, उजवा हात दक्षिण, डावा हात उत्तर. जमिनीच्या गट नकाशात सहसा वरची बाजू उत्तर असते. नकाशा हातात धरून त्याची वरची बाजू आपल्या उत्तरेकडं वळवा. मग कागदावरचा प्रत्येक बांध समोरच्या बांधाशी जुळतो.

आमच्या गटाची एक सूचना आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या शेताची किंवा घराची चतुःसीमा कागदावर लिहून आणावी. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावी, दुसरीनं लिहावी. शेत स्वतःच्या नावावर असो वा नसो, चतुःसीमा माहीत असावी. सातबारावर कुणाची नावं आहेत ते तलाठ्याकडं किंवा महाभूलेखवर बघून घ्यावं. आणि त्याच बैठकीत गावातल्या वयस्क बायांना बोलवावं. त्यांच्याकडून दिशांचे, वाऱ्याचे, वेळेचे जुने शब्द विचारून वहीत उतरवावेत. आम्ही पुण्यात बसून जे शब्द गोळा केले त्याच्या दसपट शब्द तुमच्या गावात असतील. चांगले शब्द निवडून आम्ही पुढच्या कार्यक्रमात ऐकवू.

चार दिशा म्हणता म्हणता आपण दाही दिशा फिरलो. वर आकाश आणि खाली धरती या दोन धरून दहा होतात. त्यातल्या खालच्या दिशेवर, पायाखालच्या जमिनीवर, आपलंही नाव असावं.